फितीवरचा आकडा

डोळ्यांच्या दवाखान्यात बसलेल्या शिक्षिकेला शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकू येत होतं.

“बाबा, आत तपासताना दिसत नाही म्हणा. तेलाची चौकशी तिथंच मिटेल.”

“टाकीत तेल नऊ सेंटिमीटर कमी होतं. मापायला आत सोडलेली फीत कुठवर ओली झाली, ते मी पाहिलंय.”

“साहेब म्हणतात, तुम्ही चुकीचं वाचलंत.”

“सरकारचं तेल आहे, बाळ. टाकी भरलेली होती, अशी सही कशी करू?”

“नोकरीवर पाणी सोडणार?”

नर्सने हाक मारली, तसा बाप उठून आत गेला. थोड्या वेळाने त्याचा खणखणीत आवाज बाहेर आला. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ त्याने न अडखळता वाचली.

लेकीने डोळे पुसले आणि शिक्षिकेला म्हणाली, “चष्मासुद्धा नाही हो त्यांना अजून.”