दगडाची मागची बाजू

मंडळीहो, वहिनी, अन् समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या साहेबांनो. मले भाषन येत नाई. मी शेलूबाजारचा पाथरवट, करीम. किसनभाऊच्या शोकसभेले नुसता बसायले आलो होतो. मी बोलनारच नोतो. पन तुमची तीन भाषनं आयकली अन् डोकं फिरलं, म्हनून उभा राह्यलो.

काय काय म्हनलं जी तुमी! किसनभाऊ म्हंजे संग्रहालयाचा आधार. शासन सदैव त्याच्या पाठीशी. कवा होतं हो पाठीशी? त्या दोन खोल्यांचा रखवालदार तो, झाडूवाला तो, पोरायले मूर्ती दाखवनारा बी तोच. पाऊस आला की घरची ताडपत्री अन् वहिनीची जुनी लुगडी मूर्तीवर टाकायचा. दर वर्षी त्याचा एक अर्ज. छप्पर गळून राह्यलं. दर वर्षी तुमचं एक उत्तर. छप्पर म्हंजे दुरुस्ती, दुरुस्तीले तरतूद नाई, सुधारनेले आहे. वा रे अक्कल! गळकं छप्पर नीट केलं तर ते सुधारत नाई काय?

मग तुमचं अनुदान आलं. काय झालं त्याचं? कमान! आत देव भिजून राह्यले अन् बाहेर कमान उभी. पाहुण्यायले मोटारीतून उतरल्याबरोबर काई तरी दिसलं पायजे ना! अन् कमानीखाली चौथरा, चौथऱ्यात कोनशिला, कोनशिलेवर पाहुण्याचं नाव. तेवढ्या एका नावासाठी सगळा खटाटोप.

ते नाव मी कोरलं. या हातानं.

आता आयका. दुष्काळाच्या साली इंझोरीले नाल्याचं काम होतं. मी तिथी गिट्टी फोडायले. एक लांब दगड निघाला, मी त्याच्यावर घन उचलला, तवा किसनभाऊ पळत आला. "उस्ताद, थांबा! अक्षरं आहेत त्याच्यावर." बैलगाडीत घालून त्यानं तो दगड इथी आनला. एका शिकलेल्या मानसाकडून वाचून घेतला. कोन्या काळच्या एका बाईनं विहीर बांधली, येईन त्यानं पानी प्यावं, एवढंच होतं त्याच्यावर. भाऊ मले म्हने, "उस्ताद, माह्या मायले गावच्या विहिरीवर चढू देत नोते. अन् ही बाई पाहा." पोरं आली की पयले तो दगड दाखवायचा. त्याच्या मायचा फोटो नोता घरी. तो दगडच होता.

छप्पर गळे म्हनून त्यानंच तो दगड व्हरांड्यात पालथा घालून ठेवला. अक्षरावर पानी पडू नये म्हनून. अन् अकोल्याले गेला. कायले? छपराचा अर्ज द्यायले!

इकडे तुमचे ओव्हरशियर साहेब मले म्हनते, दगड आनायले वेळ नाई, उद्या पाहुणे येते, तो पडला आहे तो घे. आमच्यात रीत आहे, पालटून पाह्यल्याशिवाय दगडाले छिन्नी लावायची नाई. माह्या बापानं पयल्या दिवशी तेच शिकवलं. मी नाई पालटला. कमान, पाहुणे, घाई. तिथल्या तिथी नाव कोरलं.

वहिनी, आता जे सांगतो ते तुमच्या घरी येऊन सांगायची हिंमत झाली नाई. बसवायले दगड उचलला तवा मले अक्षरं दिसली. मी वळखली. ओव्हरशियर साहेबाले म्हनलं, साहेब, हा तर भाऊचा दगड. ते पान थुंकून म्हनले, "मागची बाजू कोन पाह्यते रे?"

अन् मी गप्प बसलो. अक्षरं आत गेली, वरून शिमिट लावलं. लावनारा मीच.

भाऊ आला. व्हरांड्यातली रिकामी जागा पाह्यली अन् चौथऱ्यातला दगड वळखला. मग मले इचारलं, "उस्ताद, पालटून पाह्यला होता काय?" मी म्हनलं, नाई भाऊ, नाई दिसलं मले. खोटं बोललो. त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला. दगड काढू द्या म्हनून मग अर्ज केले, अन् हरेक अर्जात लिहिलं, यात पाथरवटाची चूक नाई. तुमी उत्तर काय देल्लं? कोनशिलेले हात लावला तर कारवाई होईन.

या पावसाळ्यात तो ताडपत्री अंथरायले छपरावर चढला, रातच्याले नाई, दिवसाढवळ्या, तुमच्या इथल्या कचेरीच्या समोर. चिंब भिजला. ताप आला तो उतरलाच नाई. अन् आज तुमी ठराव मांडता, कमानीले किसनभाऊचं नाव देऊ! शरम वाटत नाई काय? ज्या कमानीनं त्याचा दगड गिळला, तिच्यावरच त्याचं नाव? तेबी मीच कोरायचं असन! थू तुमच्या ठरावावर. अन् माह्यावर बी. तुमाले तर अक्षर दिसतच नोतं. मले दिसलं होतं.

आता दोन मिनिटं उभे राहा. उभं राहून बोलू नका, तुमचं बोलनं लय झालं. हे झालं की मी पहार घेऊन चौथऱ्यापाशी जातो. शिमिट हळूच काढीन, एक अक्षर दुखवनार नाई, ते मले येते. कारवाई करायची त्यानं तिथंच यावं. पाहुण्याचं नाव खाली जाईन, बाईची विहीर वर येईन.

सकाळी भाऊ मले सलाम उस्ताद म्हने, अन् मी त्याले जय भीम म्हनो. आज मीच पयले म्हनतो.

जय भीम, भाऊ. अक्षरं दिसली होती मले.