चकव्याच्या माळावर हरवलेलं विमान

ऐका! मधी कुणी फिदीफिदी हसाल तर घरी एकटं धाडीन, सांगून ठेवतो.

तर दिवस बुडाला न् अडसूळ सायेब टॉर्च घेऊन एकटाच निघाला. गावाची मोजणी करायला आल्याला त्यो. त्याच्याकडं एक बारकं विमान हुतं, घारीएवढं. हातानं फेकायचं, वरनं जमिनीचं फोटो काढायचं. त्या सांजंला ते चकव्याच्या माळाकडं गेलं, न् परत आलंच न्हाई!

"नाना, नोकरी जाईल माझी," मला म्हणाला न् सुटला.

आता ह्याचा उद्योग ऐका. वरनं खूण दिसावी म्हणून सकाळी ह्याच्या गड्यानं चकव्याच्या धोंड्यावरच चुन्याची फुली मारल्याली! म्या म्हणलं, भाकरीचा तुकडा ठेवा, माफी मागा. हसला की वं!

त्यो गेला, न् थोड्या वेळानं मेंढरं राखणारा बिरू देवळात माझ्याकडं आला. हातात विमान! गावाकडंच बाभळीत अडकल्यालं. म्या ते मांडीवर घेतलं, बॅटरी काढली. तवर माझा फोन वाजला, सायेबाचा.

"नाना, सापडलं! पडलं की ते वाजतं. ऐका, पुढंच वाजतंय!"

फोनातनं खरंच वाजत हुतं. टी... टी... टी...

आरं देवा! विमान माझ्या मांडीवर! मग तिकडं काय वाजत हुतं?

"सायेब, विमान हितं हाय! पाऊल टाकू नका! खाली बसा!"

"मग हे... नाना, आता मागं वाजतंय. ही फुली... मी पुन्हा तिथंच आलोय! नाना, कुणीतरी हाक मारतंय. तुमच्याच आवाजात! चल म्हणतंय, विमान दाखवतो म्हणतंय!"

आता सांगा, दोन नाना! बिचाऱ्यानं ऐकावं कुणाचं?

म्या वरडलो, "चकवा माणसाला चालवतो, सायेब! बसा कधी म्हणत न्हाई! बसा म्हणतोय त्यो मी!"

फोन तुटला.

म्या, बिरू न् देवळातली दोघं, आम्ही चौघं धोंड्याकडं पळालो. बघतो तर सायेब गुडघं आवळून बसल्याला. न् पायाच्या बोटाम्होरं बिनकठड्याची जुनी हीर! एक पाऊल, पोरांनो! एकच!

त्याला उचलून निघालो. म्या सगळ्यांच्या पुढं. न् मागनं, पार अंधारातनं, माझाच आवाज आला, "बिरू, थांब रं! मी मागं राहिलो!"

बिरू वळला हुता! मुंडाशाला धरून वढला त्याला.

त्या वाटंनं रातीचं जायाचं न्हाई. म्या बोलावलं तरी न्हाई!