काटक माणसाच्या ताटातला शिरा

माहं माहेर उमरेडचं, विणकराचं घर, अन् सासर खाप्याचं, तेही विणकराचंच, म्हणजे एका मागाच्या खटखटीतून उठली अन् दुसऱ्या खटखटीत येऊन बसली असं समजा. लग्नातही मी अशीच होती, अंगानं भरलेली, माही मायही तशीच, मावश्याही तशाच, अन् आमचे हे म्हणजे नुसती काडी. वरातीत बाया हसल्या, म्हणे ही नवरीच नवऱ्याले उचलून नेईन. मले राग लवकर येते ताई, पण त्या दिवशी नाही आला, काहून की माणूस मनात भरला होता. आज त्यायचा डावा पाय नाही. तो माह्या हातानं गेला असं मले वाटते, कोणी काही म्हणो. तेच सांगाले बसली आहे.

आमचा माग खड्ड्यातला. खड्ड्यात पाय सोडून बसाचं, पायाखाली दोन पट्ट्या, एक दाबली की अर्धे ताणे, म्हणजे उभे धागे, वर, दुसरी दाबली की बाकीचे, अन् मधून आडव्या धाग्याचा धोटा जाते. सासरे म्हणत, विणकर हाताचा नसते, पायाचा असते. पाय अनवाणीच लागते, चप्पल घालून पट्टीचा अंदाज येत नाही. आमच्या ह्यायचे पाय तं असे चालत की मी चूल सोडून पाहात राहो. अन् घरचा रिवाज असा की लुगडं मागावरून उतरलं की त्या दिवशी शिरा. पयले मागापुढं ठेवाचा, मंग घरात वाढाचा, अन् सासूबाईचा हात साखरेले भल्ला सढळ.

पोरगी झाली, आमची कल्पना, त्याच्यानंतर माह्या अंगावर सूज आली, तं सासूबाई मले वैद्याकडं घेऊन गेल्या, हेही सोबत होते. वैद्य म्हातारे, भले माणूस. त्यायनं माही नाडी पाह्यली, नखं पाह्यली, झोप कशी, भूक कशी, मायले काय होतं, सारं विचारलं. मायले शुगर होती. मंग म्हणाले, बाई, तुही प्रकृती कफाची, असं अंग शुगरले लवकर बळी पडते, तुले गोडाचं जपावं लागन. जाता जाता ह्यायचीही नाडी पाह्यली अन् हसले, म्हणे हा गडी वाताचा, काटक, याले तूप-गोड मानवते, याले चांगलं खाऊ घालत जा. झालं. सासूबाईनं ते असं गाठीले बांधलं की काय सांगू तुम्हाले, त्या दिवसापासून माह्या ताटातला शिरा ह्यायच्या ताटात.

सासूबाई होत्या तोवर त्या वाढत, त्या गेल्यावर मी वाढाले लागली. कोणाची जबरदस्ती नव्हती, मले बरं वाटे. सणाची पुरणपोळी, कोणी आणलेली बर्फी, चहातली साखर, माह्या वाटचं सारं त्यायले. आपल्याले खाता येत नाही तं आपल्या माणसानं खावं, त्याच्या अंगाले लागावं, एवढंच डोक्शात. पण अंगाले काही लागे ना. ते आणखीनच वाळत चालले, अन् मी आणखीनच वाढत चालली. अशी वीस-बावीस वर्षं.

मंग त्यायले तहान लागाले लागली. आता आमच्याकडच्या उन्हाळ्यात कोणाले तहान लागत नाही सांगा बरं. माठ दिवसातून दोनदा भराचा, तरी मले काही खटकलं नाही. त्याच्या पुढच्या साली कपडा बिघडाले लागला. ज्या माणसाच्या कपड्याले कोणी कधी बोट नाही लावलं, त्याच्या काठाजवळ फाका, म्हणजे विणीत मोकळ्या जागा, पडून राहिल्या. ते म्हणाले पट्टीचा दोर ढिला झाला. दोर सोडला, कसला. पुन्हा फाका. पट्टी बदलली, खड्डा खोल केला, सुताराले बोलावून माग सरळ करून घेतला. महिनाभर, ताई, महिनाभर आम्ही दोघं मागाचा दोष शोधून राहिलो होतो, मी कंदील धरून खड्ड्यात उतरो अन् गाठी पाहो. माग आमचा धडधाकट होता. पायाले पट्टी लागूनच नव्हती राहिली. पाय मुका झाला होता, अन् आम्ही मागाले दोष देत होतो.

एक दिवस मी खड्डा झाडाले उतरली तं डाव्या पट्टीवर काळं काही वाळलेलं. रक्त होतं. पट्टीच्या लाकडाची ढलपी त्यायच्या तळव्यात घुसली होती, आत पू झाला होता, अन् ते वरती बसून विणून राहिले होते. मी म्हटलं, अहो, दुखलं नाही काय? ते म्हणाले, काय दुखलं?

नागपूरले मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाई तरुण होती, रक्त पाहून म्हणाली भारी शुगर आहे, कितीक वर्षांची असन. मी तिच्यावर भडकली. म्हटलं, बाई, तुम्ही कागद बदलवून राहिल्या, कफाची मी आहे, शुगर माही पाहा, हे तं काटक आहेत. तिनं माहंही रक्त घेतलं. माहं चांगलं निघालं. 

पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. ती बाई मंग रोज येऊन बोले माह्याशी. मी वैद्याले लय शिव्या दिल्या तिच्यापुढं, तं तिनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, मावशी, वैद्य खोटं नाही बोलले. कोरिया म्हणून देश आहे, तिथलेही जुने वैद्य माणसाच्या अंगाचे चार प्रकार करतात, अन् त्यातल्या जाड, भरल्या अंगाले शुगरचा धोका जास्त म्हणतात. तुम्हाले जास्त, एवढंच ते म्हणाले. यायले होतच नाही, हे कोणी म्हटलं होतं? मी लय आठवलं. खरंच कोणी नव्हतं म्हटलं. ते आमचं आम्हीच ऐकलं होतं.

घरी आल्यावर मी त्यायले म्हटलं की मीच तुमच्या ताटात वाढत गेली, माहं पाप आहे हे. ते म्हणाले, तू वाढलं, खाल्लं तं मीनंच ना, मले काय गोड लागत नव्हतं? असे आहेत ते. पण माह्या मनातून नाही जात.

आता आम्ही नागपुरातच हुडकेश्वरले पोरीजवळ राहतो. जावई चांगला आहे. कल्पना जरीपटक्यात कपड्याच्या दुकानात जाते, अंगानं डिट्टो बाप. मागच्या साली ती थकून येऊन राहिली होती, पाणी पिऊन राहिली होती, मी रोज म्हणो रक्त दाखव वं, ती म्हणे आई, दिवसभर उभी असते मी, माह्या अंगावर चरबी तं सांग कुठं आहे, बाबाले म्हातारपणी झालं, मले काहून होईन? मी भांडली, रडली, दोन दिवस जेवली नाही. पोरीवर काही असर नाही.

एका इतवारी हे पलंगावर बसून आमचं ऐकून राहिले होते. हा माणूस आपला पाय कोणाले दाखवत नाही ताई, मी फडकं बदलो तेव्हा भिंतीकडं पाहे. त्या दिवशी त्यायनं स्वतःच फडकं सोडलं, पोरीले जवळ बसवलं, तिचा हात घेऊन तिथं ठेवला अन् म्हणाले, पोरी, मीही काटकच होतो.

 ती उठली, चपला घातल्या, रक्त दाखवाले गेली, सकाळीच जेवली होती म्हणून त्यायनं परत पाठवलं, तं दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पुन्हा गेली. शुगर निघाली. पण सुरुवातीची, डॉक्टर म्हणाले वेळेवर आल्या, सांभाळली तं काही बिघडत नाही. गोळी घेते, चालते, तिचे पाय मी रोज माह्या मांडीवर घेऊन पाहाते, काडीनं तळव्याले टोचते, ती ओय म्हणते अन् मले बरं वाटते.

लिहून घेतलं ना सारं? आता चहा घ्या, आमच्या घरी सगळ्यायचाच बिनसाखरेचा असते, राग नका मानू. अन् तुम्हीही अंगानं बारीकच दिसून राहिल्या. कधी रक्त दाखवलं? नाही ना. दाखवा बाई. देव तुम्हाले तुमच्या दोन्ही पायांवर ठेवो.