तळ्यातल्या गोगलगायी

डोळ्यांच्या दवाखान्यात ताटकळलेल्या म्हातारीनं शेजारच्या सासरा-सुनेकडे कान लावले. तिथं दुसरा उद्योग तरी काय?

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? बागेतलं तळंच शेवाळलंय. गोगलगायी वेचून फेकायची अक्कल कुणाची?”

“माझीच, मामंजी. वाटलं, कमळाची पानं खातात.”

“शेवाळ खायच्या त्या. आता मासेही दिसत नाहीत.”

“म्हणून दुसऱ्या आणून सोडल्या. उन्हाळ्यातच.”

“मग पाणी निवळलं कसं नाही?”

“निवळलंय, मामंजी. पार तळ दिसतो.”

म्हातारबुवांनी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून पाहिला.

“मग इतके दिवस माझी बोलणी मुकाट का खाल्लीस?”

“म्हटलं, तुम्हाला भीतीपेक्षा राग बरा.”

“मासे आहेत सगळे?”

“आहेत. तुम्ही काठावर बसलात की जवळ येतात.”

आतून म्हातारबुवांचं नाव पुकारलं.

“हात दे, पोरी. उंबरा आला की सांग.”