सायकल वाचली

त्या रविवारी अप्पांनी अंगणात सायकल धुतली, चेनला तेल घातलं आणि संध्याकडे चहा मागितला. सोमवारी एकलहऱ्याच्या रस्त्यावर लुटारूंनी त्यांना भोसकलं. अप्पांनी शेवटपर्यंत हँडल सोडलं नव्हतं, म्हणून सायकल वाचली.

महिन्याभराने संध्या ते वाकलेलं हँडल सरळ करायला सायकल पंचवटीतल्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन आली. बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं.

"सीटखाली लोखंडी पाइप बांधून घेतो. कोणी आडवा आला, की डोकंच फोडतो."

"घरात झुरळ निघालं तर मला हाका मारता!"

"झुरळ उडतं. चोर काय उडतोय?"

"अहो, ते तिघं-चौघं असतात. चाकू असतात त्यांच्याकडे."

"म्हणून सायकल देऊन टाकू? दसऱ्याला हार घालतो तिला. लक्ष्मी आहे ती."

"आणि मी कोण?"

"तू प्रत्येक गोष्टीत मध्ये येऊ नकोस. घरातली लक्ष्मी कोणी अशी हातची सोडतं का?"

"सोडायची," संध्या म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"काही बोलायचं नाही, हात उचलायचा नाही. हँडल सोडायचं आणि मागे सरकायचं. सायकल गेली तर जाऊ दे, अप्पा. तुम्ही घरी या."