दीपमालाच्या पेटीचा भाता

“शेजारच्या बाईनंच तिले पियानो शिकवला म्हणे, अन् थे बाई तं —” मोबाइलवर दीपमालाले पाहून बोलत होत्या दोघी, पन एवढंच आयकलं न ताई मी! तेवढ्यात बस आंजी गावाले आली, कंडक्टरनं घंटी मारली अन् त्या दोघी कॉलेजच्या पोट्ट्या भराभरा उतरून गेल्या. आता सांगा, ‘थे बाई तं’ काय? चांगली? वाईट? मी खिडकीतून अर्धी बाहेर निघाली, म्हटलं ओ बाई, पुढं काय — तं मांगचा म्हातारा म्हणते, मुंडकं अंदर घ्या. आर्वी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता माझा. कारण दीपमालाच्या शेजारची बाई म्हणजे कोन? मीच न! एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं तं बोळ आहे.

बसा न, उभ्या काऊन? दीपमालाची आई, जिजाबाई, येतेच आता, गुडघा दाखवाले गेली. पोरगी तिकडं परदेशात पियानो वाजवते, हॉल भरते म्हणे, पन आई कुलूप लावून चावी कमरेले खोसून नेते, शेजारी देत नाई. जाऊ द्या. साखर चालते न चहात? दीपमालाच्या लहानपणाचं पुस्तक लिहून राह्यल्या म्हटलं तुम्ही, मंग बराबर घरी आल्या. आईले काय मालूम असते — पोरगी जेवली का नाई, तेवढं. बाकीचं शेजाऱ्याले.

नाई बाप्पा, मले कुठचा पियानो! सातवी शिकली मी. मंग शिकवला कसा? तेच तं सांगून राह्यली. तिचा बाप नत्थूजी, भीमगीतांची पार्टी होती त्याची, आवाज असा की चौकात गायला तं घरात भांडे हालत. पेटी त्याचीच. पोरगी त्याच्या मांडीवर बसून वाजवाले शिकली. मंग दर शनिवारी वर्ध्याच्या एका शाळेत गाण्याच्या शिकवणीले जाये, तथी कोपऱ्यात एक जुना पियानो, त्याच्यावर नकाशे ठेवत. शनिवारी नागपूरहून एक बाई येत शिकवाले. त्यायनं हिले बसवलं. उजवा हात धडाधड चालला, अन् डावा? डावा हवेत — मांगं-पुढं, मांगं-पुढं! भाता ओढून राह्यली पोरगी, पियानोले! त्या बाई हासून हासून बेजार. म्हणे बेटा, याले हवा लागत नाई, याले दोन्ही हात लागते.

झालं, आता दोन्ही हात शिकाव कुठं? पियानो वर्ध्याले, पोरगी आर्वीले, अन् घरी पेटी — पेटीत तं एक हात भात्यालेच जाते. नत्थूजी दुपारी कामावर. तं एक दिवस पेटी उचलून माझ्या दारात उभी, एवढीशी, नाक पुसत, म्हणे, मावशी, भाता तू ओढ. मी म्हटलं आण. मधात पेटी, तिकडून थे, इकडून मी, समोरासमोर, जसं काही जात्यावर बसलो. तिचे दोन्ही हात मोकळे. साडेतीन सप्तकांची पेटी, अन् त्या पियानोवाल्या लोकायचं गाणं भल्लं लांबलचक, डावीकडं पेटी संपली की पोरीचे बोटं खाली फरशीवर — ठक ठक ठक. म्हणे, मले आयकू येते मावशी. मले फक्त ठकठक.

आईले? थे दुपारी वावरात जाये, अन् पोरीनं अभ्यास सोडून वाजवलेलं तिले खपत नव्हतं, म्हणून सांगितलं होतं, मी तिले तूर पाखडाले बोलावते. हे नका लिहू! जिजाबाई अजून इचारते, तुमच्या घरी त्या साली एवढी तूर कुठून आलती म्हणून.

कोनाचं वाजवे? पुस्तकावर लिहेल होतं चोपिन. मी चोपिनच म्हणे. तं ही म्हणे, शोपँ म्हण मावशी. पोलंडचा, तब्येतीनं नाजूक, जवानीत घर सोडलं, पॅरिसले राह्यला अन् माघारी आलाच नाई. मी इचारलं, आई होती का त्याले? म्हणे, होती न. त्या दिवशी भाता मी हळूहळूच ओढला. अन् एक शूमन. त्याची बायको त्याच्याहून नावाजलेली वाजवणारी, तिच्या बापानं लग्नाले साफ नाई म्हटलं, तं हे दोघं कोर्टात गेले — बापावर! मी म्हटलं, थांब थांब, मंग? वकील कोन लावला? थे म्हणे मावशी, हवा! हवा दे! आता असं आयकल्यावर हात चालते का मानसाचा?

एक घंटा रोज. आमचे हे, बंडूजी, दुपारी घोरत. दोन्ही पोरं बाहेर. घरात बोलाले कोनी नाई. पोरगी वाजवता वाजवता बोले, मी ओढता ओढता बोलो. सुराचं मले काही समजत नव्हतं, खरं सांगते. पियानो काय अन् पत्र्याचा डबा काय. मी तं त्या घंट्यासाठी बसो. थे नागपूरले शिकाले गेली न, तवा पेटी बंद झाली, अन् मी चार-आठ दिवस त्या टायमाले पदर खोसून बसून राहो — उगाच! लिहू नका हेही. लिहिलं? खोडा.

आली होती न मांगच्या साली. आईकडं दोन घंटे बसली, मी बाजारातून येऊन राह्यली तं गाडी निघाली. हात हालवला तिनं मले. म्हणजे, हालवला असन. काच काळी होती. घाईत असते बिचारी… नाई, मले वाईट कायले वाटन? एवढे देश फिरलेल्या पोरीनं भाता ओढणारी ध्यानात ठेवाव का? फक्त थे ‘थे बाई तं —’ तेवढं समजलं असतं, तं रात्री झोप —

काय? तुमच्या मोबाइलमधी आहे? त्या पोट्ट्या पाहत होत्या तेच दीपमालाचं बोलणं? अवं, मंग एवढा चहा कायले पाजला मी तुमाले! लावा. मोठ्यानं लावा… दीपमालाच. केस कापले. इंग्रजीत बोलून राह्यली, तुमीच मराठीत सांगा. हं. ‘पहिली शिकवणारी वर्ध्याच्या शाळेतली बाई’ — बराबर, त्याच. मंग? ‘पन माझ्या शेजारच्या मावशीनं’ — हाव! मीच! — ‘भाता ओढला’ — पाहा! पुढं? ‘अन् थे मावशी तं बोलत राहायची, गोष्टीत रंगली की तिचा हात थांबे.’ कोनाचा? माझा? असं म्हटलं तिनं, जगासमोर? अवं, कोर्टाचं चालू होतं तवा! … हं. ‘हवा संपली की सूर बसे, मी बोट तसंच दाबून मावशीची वाट पाहो.’ … ‘लोक म्हणते, शोपँमधी मी थांबते ते कोनाले जमत नाई. थे मले मावशीनं शिकवलं.’ काय म्हणता त्याले, रुबातो? वेळ इकडून चोरून घ्याचा अन् तिकडं देऊन टाकाचा?

म्हणजे पियानो नाई शिकवला मी. थांबणं शिकवलं. माझं नाव नाई घेतलं न? नाई? बरं. बरं बरं. मावशी म्हटलं तेच… नाई, चहाचा वाफारा गेला डोळ्यात.

जिजाबाई आली वाटते, कुलूप वाजलं. जाजा तुमी तिकडं. पन पहिले एकदा तिचं वाजवणं लावा न — थे थांबते तथी. अस्सं. आवाज वाढवा. …

हं. … आता, आता पाहा —

चूप राहा न ताई जराशा.