अवघड विषयांचं कपाट

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं साधं एक पुस्तक निवडता येत नाही तुला?" साधं! तुम्हाला सांगते, कापड निवडणं साधं, नवरा निवडणं त्याहून साधं, माझा तर मी निवडलाच नव्हता, समोर आणून बसवला होता. पण पाच जणांनी मिळून एक पुस्तक निवडायचं, तेही अवघड सामाजिक प्रश्नावरचं... अहो, आमच्या दुकानात पाच जणांना मिळून पंख्याचा स्पीड ठरवता येत नाही! मास्तरांना पंखा एकवर हवा, कारण त्यांचे मापांचे कागद उडतात. इस्त्रीवाल्या वहिनींना तो पाचवर हवा, कारण त्या भाजून निघतात. शेवटी तो तीनवर ठेवतो आणि दोघंही दिवसभर कुरकुरतात. आणि ही मंडळी पुस्तक निवडणार!

आमचं दुकान म्हणजे शिलाईचं. शाळांचे गणवेश, कोट, पँट, जे येईल ते. मास्तर कापतात, मालकीणबाई स्वतः शिवतात, एक पोरगी मशीनवर कडांना ओव्हरलॉक मारते, वहिनी इस्त्री करतात आणि सगळ्यात शेवटी काजं-बटणं, ती मी. झालं काय, समोरच्या ग्रंथालयाने स्पर्धा काढली. एकेका ऑफिसने, दुकानाने टीम करायची, अवघड विषयांच्या कपाटातलं एक पुस्तक सगळ्यांनी पूर्ण वाचायचं आणि शेवटी सभेत उभं राहून टीममधल्या एकाने त्यावर बोलायचं. बँकेची टीम होती, शाळेची होती, दवाखान्याची होती. मी म्हटलं, आपणही जाऊ. गेले नाव द्यायला. तिथले ते चष्मेवाले साहेब, माणूस वाईट नाही हो, पण चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघत म्हणतात कसे, "बाई, त्या कपाटातलं जरा जड जाईल. तुम्हाला झेपेल असं हलकंफुलकं इकडे आहे..."

झेपेल असं! तुम्हाला सांगते, माझ्या कानाची पाळी तापली. मी म्हटलं, साहेब, आम्हाला त्याच कपाटातलं द्या. अवघड म्हणजे अवघड!

आता प्रश्न असा की वाचायचं कधी आणि कसं? मास्तरांच्या हातात कात्री, वहिनींच्या हातात इस्त्री, बाकी दोघींचे हात मशीनवर. पण माझ्याकडे माल पोचतो दुपारनंतर. शर्ट आधी कापला पाहिजे, शिवला पाहिजे, मग माझी बटणं. सकाळभर मी आपली बोटं मोडत बसलेली असते. म्हणून ठरलं की मी सकाळी मोठ्यांदा वाचायचं आणि बाकीच्यांनी काम करता करता ऐकायचं. झकास! एकदम झकास! मला वाटलं, बँकवाले काय वाचतील असं वाचू आपण.

पहिलं पुस्तक आणलं दारूच्या व्यसनावरचं. चांगलं होतं हो. मी घसा खाकरून सुरू केलं, तेव्हा मालकीणबाई एका गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेत होत्या, त्याने दारू शब्द ऐकला आणि पोट असं आत घेतलं की माप चार बोटं कमी आलं, ती पँट पुढे परत आली, ते जाऊ दे... मी दोन पानं वाचली असतील नसतील, इस्त्रीवाल्या वहिनी म्हणाल्या, "ते पुस्तक बंद कर. त्याला वास येतोय." मी म्हटलं, कसला वास? म्हणे, "ओलीचा. माझं डोकं चढतं." आता मी पुस्तक नाकाला लावलं, मास्तरांनी लावलं, पोरीने लावलं. कसला वास नि कसलं काय! पण वहिनींनी इस्त्री अशी आपटली की आम्ही म्हटलं, असेल बाई वास. ठेवलं परत.

दुसरं आणलं म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणावरचं. गावाकडे एकटे राहणारे वडील, महिन्याने येणारा फोन, असं सगळं. मास्तर कधी बोलत नाहीत. त्यांच्या तोंडून दिवसभरात फक्त इंच निघतात. ते कात्री थांबवून म्हणाले, "टाइप फार बारीक आहे." अहो, मास्तर! तुम्हाला कुठे वाचायचंय? तुम्ही ऐकणार आहात! पण नाही. "बारीक आहे, डोळ्यांना त्रास होतो." आणि परत मान खाली. तोवर एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या कापून झाल्या होत्या.

मी म्हटलं, हरकत नाही. परत ग्रंथालय, परत ते कपाट. अवघड म्हणजे अवघड!

तिसरं कॉलेज मधेच सोडायला लागलेल्या मुलींचं. म्हटलं, आपल्या ओव्हरलॉकच्या पोरीला आवडेल, हुशार आहे, हिशेब तोंडी करते. पहिलंच पान वाचलं तर म्हणाली, "नको काकू. शेवट माहितीये मला." मी विचारलं, वाचलंयस का तू? म्हणाली, नाही. आणि मशीन अशी सुसाट सोडली की माझा आवाजच ऐकू येईना. मी जवळ जाऊन बघते तर मशीनला दोराच नव्हता. नुसतीच चालवत होती.

मग मी म्हटलं, जाऊ दे, घरातलं काही नको, दुःखाचं नको, आपण आपल्या धंद्यातलं घेऊ. म्हणून चौथं आणलं शिवणकामगारांच्या पिळवणुकीवरचं! जादा तास, कोंदट खोल्या, जेवायला वेळ नाही वगैरे. वहिनी खूश, मास्तर खूश, पोरगी तर मशीन बंद करून ऐकायला लागली. आणि मालकीणबाई? त्या गोड हसत म्हणाल्या, "चांगलं आहे गं, पण इतका लांबचा विषय कशाला? आपल्याशी संबंध असलेलं काहीतरी बघ ना..." असं म्हणाल्या आणि त्याच श्वासात, "आणि आज जरा थांबावं लागेल हं सगळ्यांना, कोटाची ऑर्डर आहे."

तुम्हाला सांगते, मी रस्ता ओलांडून ओलांडून दमले. चष्मेवाले साहेब तर आता माझी वाटच बघत असायचे. "काय बाई, हेही जड गेलं?" अस्सं हसू! मी दात-ओठ खाऊन म्हणायचे, जड नाही साहेब, आमची टीम चोखंदळ आहे.

पण चौथं परत देऊन येताना, रस्त्याच्या मधोमध, डोक्यात लख्ख उजेड पडला. मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय आणि मी तिथेच उभी. अहो, वास नाही, टाइप नाही, काही नाही! वहिनींचा नवरा काय करतो, माहीत नाही का आम्हाला? मास्तरांचे वडील कुठे आहेत? पोरीला कॉलेज कुणी सोडायला लावलं? जे ज्याचं, ते तो परत पाठवतोय! बाकीच्यांची दुःखं ऐकायला सगळे तयार, तेव्हा मशिनी कशा लयीत चालतात. स्वतःचं आलं की पुस्तकाला वास!

मी तशीच तरातरा दुकानात आले आणि पंखाच बंद केला. म्हटलं, ऐका सगळे. आणि असं भाषण ठोकलं, असं ठोकलं... म्हटलं, अवघड विषय म्हणजे काय दुसऱ्याच्या घरचा विषय असतो का? आपला आला की पळायचं? एवढंच धाडस आपलं? ते साहेब हसतायत तिकडे. आता जो विषय झोंबेल तोच घ्यायचा. झोंबलं तर झोंबू दे. अवघड म्हणजे अवघड! मास्तरांची मान खाली. वहिनींची मान खाली. मालकीणबाई रिकामी बॉबिन भरत बसलेल्या. मला स्वतःचाच एवढा अभिमान वाटला म्हणून सांगू...

आणि ती ओव्हरलॉकची पोरगी, जराही आवाज न चढवता, म्हणते, "काकू, मागच्या वेळी मी आले होते ना तुमच्याबरोबर. तुम्ही एक निळं पुस्तक काढलंत, उघडलंत आणि परत ठेवलंत. ते कुठलं होतं?"

मी म्हटलं, ते होय? ते फार जाड होतं.

"नाही काकू. तुमच्या सुयांच्या डबीएवढं होतं."

आता काय सांगू तुम्हाला... ते होतं मूल नसलेल्या बायकांवरचं. लोक काय काय बोलतात त्यांना, त्यावरचं. झालं, सांगून टाकलं. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आता कुणी विचारतही नाही, मीही कुणाला सांगत बसत नाही, आमचं दोघांचं बरं चाललंय. पण त्या पुस्तकाचं मी पहिलं पान वाचलं होतं कपाटापाशी उभं राहून आणि दुसरं उलटायचं धाडस झालं नव्हतं. म्हणून जाड!

आणि तुम्हाला सांगते, जी टीम पंख्यावर एकमत करू शकत नाही, तिचं त्या क्षणी एकमत झालं. चारही हात वर! आणि मी नाही म्हणू कशी? भाषण माझंच होतं, अजून खोलीत गरमच होतं.

आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसले वाचायला. मी ठरवलं, एकदम सपाट आवाजात वाचायचं, रेल्वेची घोषणा करतात तसं. वाचत गेले. शेजारणीच्या बाळाला कडेवर घेतल्यावर कुणीतरी ते पटकन काढून घेतं, ते वाचलं. डॉक्टर, नवस, सल्ले, तेही वाचलं. आवाज हलला नाही माझा. आणि मग त्यात एक बाई ऑफिसमध्ये काम करत असते, संध्याकाळी जास्तीचं काम येतं, सगळ्यांना घरी जायचं असतं आणि सगळे तिला म्हणतात, "तुला काय, तुझ्यामागे कोण आहे ओढणारं? तू थांब."

इथे माझा आवाज गेला.

कारण हे वाक्य... हे आमच्या दुकानातलं वाक्य आहे हो! वहिनी म्हणतात. मालकीणबाई म्हणतात. मास्तरसुद्धा, इंच सोडून जे एक वाक्य बोलतात, ते हेच. माल माझ्याकडे शेवटी येतो आणि सगळे शटर अर्धं ओढून निघतात, "तुला काय" म्हणत. प्रेमाने म्हणतात, मुद्दाम टोचायला नाही. पण मला लागायचं. रोज लागायचं. मी हसून म्हणायचे, हो हो, जा तुम्ही.

मी मान वर केली तर एकही मशीन चालत नव्हती. वहिनींची इस्त्री एका कोटावर तशीच उभी, धूर यायला लागला तरी कुणी हलेना. शेवटी मीच उठून ती उचलली. कोट गेला तो गेला. मालकीणबाई एरवी एका टाक्यासाठी बोलतात. त्या दिवशी नुसतं म्हणाल्या, "वाच गं पुढे. थांबू नकोस."

वाचलं. पूर्ण वाचलं. रोज सकाळी, शेवटच्या पानापर्यंत. कुणाला वास आला नाही.

मग आला सभेचा दिवस. आणि नेमकी त्याच दिवशी शाळेच्या गणवेशाची ऑर्डर! दुसऱ्या दिवशी सकाळी माल जायचा आणि आज संध्याकाळी माझ्यासमोर शर्टांचा डोंगर, एकालाही बटण नाही. मी मुकाट्याने सुईत दोरा ओवायला घेतला. तर वहिनींनी सुई हातातून काढून घेतली. म्हणाल्या, आज तू जायचंस, बटणं आम्ही तिघी लावतो. मी म्हटलं, अहो, तुम्हाला येत नाहीत! तर मालकीणबाई म्हणाल्या, "त्यात काय आहे एवढं?" ...तुम्हाला सांगते, तिथेच मी ओळखायला हवं होतं.

गेलो मी आणि मास्तर. बँकवाले बोलले, समाजाने विचार केला पाहिजे. शाळावाले बोलले, समाजाने विचार केला पाहिजे. दवाखानावाल्यांनी तर पडद्यावर तक्ते दाखवले. मग आमचं नाव पुकारलं. मी उठले आणि उगाच पुस्तकाची पानं उलटत राहिले. सगळी सभा माझ्याकडे बघतेय, ते चष्मेवाले साहेबही... आणि तेवढ्यात शेजारून मास्तर उठले! टेप गळ्यात तशीच. माइकपाशी गेले आणि म्हणाले, "यातलं एक वाक्य आम्ही आमच्या माणसाला रोज म्हणत होतो. पुस्तकात ऐकलं तेव्हा कळलं. आता म्हणत नाही." आणि येऊन बसले. संपलं भाषण!

बक्षीस दवाखान्याला. तक्ते होते ना. पण चष्मेवाले साहेब बाहेर दारापाशी आले, चष्मा काढून पुसत बसले, आणि मला विचारलं, "पुढचं कुठलं नेणार?" मी काही म्हणायच्या आत मास्तर म्हणाले, "ते बारीक टाइपचं द्या."

रडले हो मी घरी येऊन. अगदी मनासारखं रडले. आमच्या ह्यांना वाटलं, हरलो म्हणून रडतेय. म्हणाले, पुढच्या वेळी जिंकाल.

आणि सकाळी दुकानात येते तर काय? तिघी दमून-भागून, डोळे लाल, पण चेहऱ्यावर असं समाधान! डोंगर पूर्ण झालेला! मी कौतुकाने एक शर्ट उचलला, बटण लावून बघितलं... कॉलरची एक बाजू कानापाशी, दुसरी खांद्याखाली. काज एकीकडे, बटण भलतीकडे. दुसरा बघितला, तसाच. तिसऱ्याचं बटण इतकं आवळून शिवलेलं की काजात शिरायलाच तयार नाही. शाळेचा माणूस माल घ्यायला दारात उभा. मालकीणबाईंनी त्याला हात जोडून संध्याकाळी बोलावलं.  डोंगर सगळा उसवून परत करायचा, पण तो कुणी करायचा, हे म्हणायची एकाचीही हिंमत होईना. वहिनी छताकडे बघतायत, पोरगी मशीनमध्ये दोरा घालतेय, मास्तर मापलेलं कापड परत मापतायत.

शेवटी मीच मुकाट्याने कात्री घेतली आणि बसले. दुसरं करणार काय? माणसं सुधारली हो आमच्या दुकानातली, पुस्तकाने पार सुधारली... पण बटणं कुणाची सुधारली नाहीत!